गच्चीवरच्या पाल्याचा पंचनामा

तक्रार टाइप केलेली, खाली अकरा सह्या.
माझगावात, गोदीच्या भिंतीमागं, तीन मजली इमारत,
तळाला चिनी खानावळ, नाव न्यू पर्ल
(जुनं पर्ल कुठं होतं, कुणालाच ठाऊक नाही).
गच्चीवर पाला वाळत घालतात,
उग्र वास येतो, सबब कारवाई व्हावी.

मी दिगंबर टेमकर, वॉर्डाचा निरीक्षक.
वासाचा पंचनामा कसा करतात
हे बावीस वर्षांत मला कुणी शिकवलं नव्हतं.
तरी वर गेलो.

दोरीवर, साड्यांच्या शेजारी,
मोहरीची अख्खी झुडपं उलटी टांगलेली,
मिठानं मलूल, उन्हानं काळपट.
नाक पुढं केलं, कामच ते.
आंबूस. मग गोडसर. मग खूप आत कुठंतरी
वेंगुर्ल्याला माळ्यावर असायची ती
सुकटीची टोपली.
हे मी अहवालात लिहिलेलं नाही.

"हात लावू नका. अजून दोन उन्हं पायजेत."
मागं साठीची बाई, कोपरापर्यंत पीठ.
नाव विचारलं.
"चुंग स्यू-यिन. रेशनकार्डावर सुहासिनी झालंय.
तुम्ही काय लिहाल ते चालेल."

खाली माझ्यापुढं मेनू आला, प्लास्टिकचा, चिकट.
शेजवान, ट्रिपल शेजवान, मंचुरियन, चायनीज भेळ.
म्हटलं, तो पाला यातल्या कशात पडतो?
ती हसली नाही.
"यातलं काहीच माझ्या आईनं ओळखलं नसतं.
हे तुमचं खाणं. हे विकतो नि आमचं खातो."

आणि आतून एक वाडगा आला,
ताटलीवर उपडा केला, टकटक वाजवला, उचलला.
डुकराच्या पोटाचे जाड काप, चार तास वाफेवरचे,
कडेची चरबी थरथरत होती अजून,
आणि पोटाशी तो पाला, काळा, तक्रारीतला.

ड्यूटीवर खायचं नसतं.
खाल्लं.
आधी मीठ बोललं. मग बराच वेळ कुणीच नाही.
मग चरबी विरघळली आणि पाल्यानं तिला आवरलं,
बांगड्याच्या तेलाला आमची सोलं आवरतात तसं.
काड्या जमेनात. चमचा मागितला
तर म्हणाली, "हात आहेत ना?"

"आम्ही हाक्का. हाक्का म्हणजे पाहुणे.
आमचं नावच ते."
कधीपासून?
"तिकडं हजार वर्षं. इथं चौथी पिढी."
बोलता बोलता भात वाढला,
आग्रह नाही, विचारणं नाही,
घरच्यांना दटावून वाढतात तसा.

नोटीस तरी द्यायलाच हवी होती.
'तात्काळ' खोडून वर 'पंधरा दिवसांत' लिहिलं.
दोन उन्हं पुरली असती,
पण माघात समुद्रावरच्या ढगांचा काही नेम नसतो.

तिनं हात पुसले, चष्मा लावला,
शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, पोच दिली.
मग गल्ल्याखालून फाईल काढली:
परवाने, पावत्या, पोलिसांकडच्या हजेरीचे शिक्के,
आणि तळाशी, घडीवर विरलेला,
बासष्टच्या नोव्हेंबरातला एक कागद,
तिच्या वडिलांच्या नावे.
मी वाचायला वाकलो
तशी तिनं फाईल आपल्याकडं वळवली,
माझी नोटीस सगळ्यांत वर ठेवली,
कडा जुळवल्या.
"सरकारी कागद टाकायचा नसतो," म्हणाली.
"बाबा सांगायचे. परत आल्यावर."

ऑफिसात पोच फाईलला लावली.
कोपऱ्यावर तेलाचं एक बोट उमटलेलं.
पलीकडच्या टेबलावरच्या हिरवेबाईंनी मान वर केली,
"कसला हो वास हा?"
मी शेरा लिहीत होतो.
रकाना एवढासा असतो.