किमान तापमान

माझ्याकडे बुलेट आहे, हे कॉलनीत सगळ्यांना ठाऊक.
आवाज मात्र फक्त रविवारी ऐकलेला,
दहा मिनिटं, स्टँडवर, बॅटरी उतरू नये म्हणून.
मग पुन्हा तिच्यावर जुनी सोलापुरी चादर.

इलियास मिस्त्री म्हणतो,
"उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर मरती, साहेब."
मी टाकीवरून फडकं फिरवत राहतो.
उन्हाळ्यात ऊन असतं. पावसात काळा चिखल.
आणि परभणीचा हिवाळा तर मला पाठच आहे:
विद्यापीठाच्या वेधशाळेत रोज सकाळी
पांढऱ्या पेटीचं दार उघडून
मीच तो वहीत लिहितो, दशांशासकट.

पौषातल्या एका पहाटे फाटकाशी मुंजाजी.
एम-एटी बंद पडलेली, पेपरचे तीन गठ्ठे,
मफलरमधून वाफ.
"झरीला एष्टीच्या आधी पोचायला पाह्यजे बघा.
तुमची हाय की, उभीच."

चादर निघाली.
चौथ्या किकला ती खोकली, सातव्याला बोलली.
सात वर्षांत आरसे दोनदा बदलले होते,
हातमोजे घ्यायचं कधी सुचलंच नव्हतं.
मुंजाजीनं एक पेपर उलगडला,
"शर्टात घाला, छातीशी. सोटर काय कामाचं नाही."

टाकळीपर्यंत मी बोटं मोजत होतो,
पुढे ती सापडेनात.
डोळ्यांतलं पाणी कानांकडे पळत होतं.
दोन्ही बाजूंना वेचून झालेल्या पऱ्हाट्या,
आणि हरभऱ्याच्या रानातून येणारा तो आंबूस गारवा,
जो माझ्या पेटीत कधी शिरला नव्हता.
दुधनेच्या पुलावर गारठा
म्हशीसारखा आडवा उभा.
मी गिअर उतरवला, त्याला वाट दिली.
मागून मुंजाजी, "झोपलात का? रेटा की!"

झरीत चहा. ग्लास धरवेना.
टपरीवाल्यानं तो माझ्या तळव्यांत ठेवला
आणि वरून स्वतःचे हात दाबले,
गिऱ्हाइकाशी बोलत बोलतच.

शर्टातून पेपर काढला, ऊबट, चुरगळलेला.
पहिल्याच पानावर माझा कालचा आकडा:
परभणी ४.६.
दोनदा वाचला. चूक काहीच नव्हती त्यात.
"आणा इकडं, इकायचाय तो,"
म्हणत मुंजाजीनं मांडीवर तळहातानं इस्त्री केली.

परतेपर्यंत आठ वाजून गेलेले.
त्या तारखेचा रकाना कोरा.
अधिकाऱ्यांनी कारण विचारलं,
तर मी नुसते हात पुढे केले,
बोटं अजून हँडल धरल्यासारखी वाकलेली.