दुरुस्तीची नोंद

देवगुराडियाच्या वाटेवर पत्र्याची शेड.
माझं टेबल, एक काटा, एक पडदा
आणि बाटल्यांचा ढीग,
दिवसभर उपसून संध्याकाळी होता तेवढाच.

गेंदाबाई झाकणं काढते, लेबलं सोलते,
निळ्यातून पांढरं बाजूला करते, न बघता.
मी गठ्ठा तोलतो, चौकोनी ठिपक्यांची चिठ्ठी डकवतो,
आकडा टाकतो.
मग आकडा माझा राहत नाही.
अकरा ठिकाणी एकदम उमटतो,
आणि प्रत्येक नवी नोंद
मागच्या नोंदीचा अंगठा पोटात घेऊन बसते.
एक अक्षर हलवा, पुढच्या सगळ्या बोंब मारतात.

"म्हणजे खोडता येत नाही?"
"नाही."
"हकीमुद्दीन शेठला येत होतं," ती म्हणाली.

सियागंजच्या मागच्या गल्लीत
लाल कापडाची वही आणि तराजूवर त्याची करंगळी.
किलोमागे दीडशे ग्रॅम त्या करंगळीचे,
वीस वर्षं.
पण तिचा नवरा गेला त्या वर्षी
शेठनं तिच्या उचलीचं पान फाडलं,
त्यातच चहापत्तीची पुडी बांधून दिली.
वर म्हणाला, कागद चांगला आहे, फेकू नकोस.

परवा मी चौदाचे एक्केचाळीस केले.
डुलकी म्हणा, डोळे म्हणा.
पिथमपूरच्या गिरणीतून फोन आला,
मुळ्ये, सत्तावीस किलो कुठे आहेत?
तोवर नसलेल्या बाटल्यांचा धागा झाला होता,
नसलेल्या धाग्याच्या चादरी,
आणि त्यातली एक तर
कुठल्याशा दवाखान्याच्या नावावर चढली होती.
नसलेल्या चादरीखाली कोण झोपलं असेल
याचा विचार करत मी दोन रात्री जागा.

खोडता येत नाही. खाली फक्त जोडता येतं:
वजा सत्तावीस.
शेऱ्याच्या रकान्यात कारण विचारतात.
"तांत्रिक अडचण" तयारच असते, एका टिचकीवर.
मी ती सोडून लिहिलं, चूक माझी. मुळ्ये.
आणि अकरा ठिकाणी माझी लाज
एकदम उजाडली.

गेंदाबाई मागे उभी होती, हातमोजे काखेत.
"माझ्या नावावर काय आहे?"
मी वाचलं. सोमवार, साडेबावीस. मंगळवार, एकोणीस.
बुधवारी सुट्टी, नातवाला ताप.
("हे कोणी लिहिलं?" "मीच.")
गुरुवार, सव्वीस.
असं महिनाभर, ग्रॅमसकट.

करंगळी कुठेच नव्हती.
चहापत्तीही नव्हती.

ती थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिली,
दुसऱ्याच कुणाचं घर खिडकीतून बघावं तशी.
मग स्टूल ओढून बसली.
"सोमवारपासून," म्हणाली,
"परत वाच. हळू."