उरफाटी

आधी भिंत खरवडली.
तीन निवडणुका, एक तियात्र, हरवलेल्या म्हशीची जाहिरात,
तिच्याखाली पुन्हा निवडणूक.
कुडचड्याच्या बसस्टँडसमोर, साठ फूट बाय चोवीस,
नगरपालिकेने लेखी दिलेली.
'येथे लघवी करू नये' एवढं मात्र राहू द्या म्हणाले.

मैद्याची खळ मी शिजवली, दोन बादल्या,
मोरचूद घालून, म्हणजे झुरळं तोंड लावत नाहीत.
गाईला इलाज नाही.

फोटो कुस्तोदच्या स्टुडिओतला.
तो गेल्यावर भाचीने ट्रंक उघडली,
बुरशी चढलेल्या निगेटिव्हांत ही एक:
सावर्ड्याचा धक्का, मागे बार्ज,
डोक्यावर खनिजाच्या पाट्या घेतलेल्या अकरा बायका,
थांबा म्हणून कुणी सांगितलं नसावं
अशा थांबलेल्या.

लिझेलने त्यांचे दोनशे चाळीस तक्ते केले,
पाठीवर पेन्सिलीने आकडे.
हातात घ्यावा तर करडे ठिपके नुसते,
नाचणीच्या पिठावर पाणी शिंतडल्यासारखे.
एक्क्याण्णव म्हणजे कुणाचं कोपर की नदी
हे परांचीवरून मला कधी कळलं नाही.
एका डोळ्याला खळ लावली,
शिवण बुबुळाच्या मधोमध गेली,
खालचा बुडबुडा तळव्याने गालाकडे सारत नेला,
आणि उतरून, रस्ता ओलांडून,
सोयरूच्या सलूनच्या पायरीवरून वळून पाहिलं
तर ती बाई माझ्याकडे बघत होती.
जरा रागानेच.

पाचव्या दिवशी, एकशे नव्वदाव्या तक्त्याला,
रुक्मा वेळीप आली. बाजारात मिरच्या विकते.
बराच वेळ मान वर करून उभी.
मग म्हणाली, "न्हंय उरफाटी व्हांवता."

आम्ही हसलो. फोटोतली नदी कुठे वाहते?

"पूल इकडे नव्हता. तिकडे.
गाठ ह्या खांद्यावर नव्हती. त्या.
आणि ही, पाटीच्या सावलीत तोंड गेलंय ती,
हांव. आदल्या दिवशी काकणं फुटली होती माझी.
ह्या हातातली नाही. ह्या."
तिने दोन्ही हात पुढे केले,
जणू अजून एक रिकामा असेल.

लिझेलने निगेटिव्ह काढली, उन्हात धरली.
एक बाजू चकचकीत, एक मंद.
स्कॅनरला दोन्ही सारख्याच.
मग ती खळीच्या बादलीवर बसली, झाकण नव्हतं
हे बसल्यावर कळलं, तरी उठली नाही.

पन्नास तक्ते उरले होते, पैसे उरले नव्हते.
नगरसेवक म्हणाले, "कोणाक कळपाचें आसा?"
"हिला कळलं," लिझेल म्हणाली.

तरीही लावले. उलटी तर उलटी, अर्धी नको,
असं ठरवलं कुणी, आठवत नाही.
बहुतेक मीच. खळ आंबायला लागली होती.

शेवटच्या दिवशी दुपारी
रुक्माने पाटी माझ्याजवळ ठेवली, "बघ जरा,"
आणि सोयरूच्या सलूनात शिरली.
एका गिऱ्हाइकाची दाढी अर्ध्यावर.
सोयरूने दुसऱ्या खुर्चीवरचे केस झटकले,
काही विचारलं नाही.

पायरीवरून मला एवढंच दिसलं:
आरशात दार, दारात रस्ता,
रस्त्यापलीकडे पूल, जिथल्या तिथे.
अकरा जणी आपापल्या खांद्यांवर गाठी घेऊन.
"मातशी वयर कर," ती म्हणाली.
सोयरूने पायाने खुर्ची तीनदा दाबली.

तेवढ्यात मध्ये मडगावची बस येऊन थांबली.
कंडक्टर चहाला उतरला.
ती बसून राहिली, हात मांडीवर,
एक वर, एक खाली,
बस जाईपर्यंत.