पायताणाचं माप

चप्पल लाईनच्या मागच्या बोळात
यल्लाप्पा सातपुत्यांनी ट्रंकेतून वही काढली.
गिऱ्हाइकांच्या पावलांची वही.
पानापानावर पेन्सिलीची एकेक रेघ,
रेघेच्या आत नाव आणि साल.

"हिंदुराव, गूळ मार्केट, सत्त्याऐंशी."
आबांचं उजवं पाऊल.
अंगठ्याच्या मुळाशी रेघ बाहेर फुगलेली,
जणू पेन्सिल तिथं अडखळली.
"ठेव पाय," म्हणाले.
ठेवला.
नवी रेघ मारायची गरज पडली नाही.

मार्केट यार्डात मी गुळाचे रवे तोलतो,
आबाही तोलायचे.
दिवसभर दुसऱ्यांची वजनं लिहायची
आणि रिकाम्या काट्यावर आपण चढायचं नाही
हा आमच्या घरचा नियम.
आबा शेवटपर्यंत चढले नाहीत.
मी चढलो, गेल्या महिन्यात. एकशे सहा.

त्याच्या आदल्या आठवड्यात रात्री अडीचला
अंगठा पेटला होता.
चादरीचं टोक सोसवेना,
पंख्याचा वारासुद्धा कुणी बोट लावल्यासारखा.
बायको म्हणाली, "रविवारचा रस्सा."

आबांनाही गल्ली हेच म्हणायची.
"चोरून खातंय की म्हातारं."
अकरा वर्षं त्यांनी मटण सोडलेलं.
तांबडा-पांढरा आमच्या ताटात,
त्यांच्या ताटात दहीभात,
पाय तरी सुजायचाच.
एका दुपारी ते झोपलेले असताना
मी त्यांचा हात हुंगला होता.
तेरा वर्षांचा होतो.
तंबाखू, गूळ, बाम.
एवढंच.

राजारामपुरीत डॉक्टर मगदूम बाईंनी
चिठ्ठीच्या पाठीवर दोन वर्तुळं काढली,
एकमेकांत थोडी घुसलेली.
"हे जीन्स अंगात चरबी धरून ठेवणारे.
हे रक्तात युरिक ॲसिड धरून ठेवणारे.
काही दोन्हीकडे असतात. सगळे न्हाईत हं."
आणि मधल्या तुकड्यात बॉलपेन घासत राहिल्या.
तो तुकडा डोळ्याच्या आकाराचा झाला.
"जाडीमुळं दुखणं वाढतं, ते खरंच.
पण तुमच्या वडिलांनी सगळं सोडलं असतं
तरी थोडं उरलंच असतं."

थोडं.
मी चिठ्ठी हातात धरून बसलो.
पाय दुखतोय म्हणून रडतोय असं त्यांना वाटलं.
"गोळी चुकवू नका," म्हणाल्या, "आठ किलो उतरवा, बघू मग."

यल्लाप्पा अंगठ्याचं कातडं सैल ठेवणार आहेत,
आबांचं ठेवायचे तसं, तेल पाजून.
माझी राजनंदिनी वहीत डोकावत होती.
नऊ वर्षांची, गुबगुबीत,
शाळेत पोरं तिला काहीबाही म्हणतात,
घरी येऊन ती सांगत नाही.
"हिलाबी सैल ठेवू का, गा?"
त्यांचं बोट अजून आबांच्या पानावर.

कोरं पान घ्या, म्हणालो.

पेन्सिल तळव्याला लागली तशी ती हसली,
पाय हलला, रेघ भलतीकडं गेली.
यल्लाप्पांनी खोडली नाही.
नाव विचारलं, साल लिहिलं.