पाठीएवढा मोड

गणपती पेठेत मगदूमांच्या दुकानात
पोत्याच्या तोंडाशी हात घातला,
तर बाहुबली मगदूम चष्म्यावरून म्हणाले,
"सातू कुणाला? मुतखडा झालाय?"
मी हो म्हटलं.
एका खोट्यावर दोन किलो बार्ली मिळाली,
पांढरी, गुळगुळीत,
नुकतीच न्हाव्याकडून उठून आल्यासारखी.

तीस वर्षं कारखान्याच्या लॅबमध्ये
उसाच्या रसाचा ब्रिक्स बघत बसलो.
गोडी किती, एवढंच विचारायचे सगळे.
गोडी कुठून येते
हे चेअरमननं विचारलं नाही, मीही नाही.
आता रिकामा आहे.
म्हटलं, बिअर करून बघू घरी,
पण मॉल्ट विकतचा नको,
दाण्यापासून सुरू करू.

भिजवली. पाणी बदललं. पुन्हा भिजवली.
पंचात बांधून मोरीच्या नळाला टांगली.
तिसऱ्या दिवशी गाठ सोडली
तर आंबूस वास, बोटांना बुळबुळ,
आणि दोन किलोत एकही जागा नाही झालेला.

शेजारच्या शमशादभाभी
नाचणीसत्व करून विकतात,
कुपवाडपासून मिरजेपर्यंतची बाळं
त्यांच्या हातची जाडजूड झालेली.
त्यांनी एक दाणा नखानं उलटा केला.
"सोललेलाय हो हा.
कातडं काढलं, डोळाही घासून काढला,
आणि तुम्ही त्याला म्हणताय ऊठ."
मग जरा थांबून,
"बाळाचं करताय की बापाचं?"
मी नळ बंद केला.

पुन्हा पेठ.
या खेपेला अर्धं खरं बोललो. मोड आणायचेत.
मगदूम काही न बोलता माडीवर गेले,
तुसासकट सातू घेऊन आले, धुळकट, टोकदार,
तळहातावर ओतून फुंकर मारली.
"उडाला तो पोचट. राहिला त्याला विचारायचं."
दाढेखाली धरला. कट्ट.
"वाजला पाहिजे. आणि आत खडूसारखा पांढरा.
काचेसारखा असला तर भाकरीला न्या, याला नको.
मोड आमच्यात चालत नाहीत,
पण जिवंत दाणा कळतो आम्हाला."

बरोबर जतचा शाळूही घेतला किलोभर.
त्यावर भाभींचा दम वेगळा:
कोवळ्या शाळूनं जनावराला किराळ लागते,
माहितीय ना?
वाळवा कडक, मग मोड चोळून चोळून झाडा,
एक शेपूट ठेवायचं नाही.

सातूला मात्र तसं नाही.
त्याचा मोड सालीखालून पाठीपाठीनं सरकतो,
दिसत नाही, नखाला लागतो.
"दाण्याच्या पाठीएवढा झाला की थांबवा.
पुढं गेला तर स्वतःच खाऊन टाकतो सगळं."
चौथ्या रात्री अडीच वाजता
मी बॅटरी घेऊन एकेका दाण्याची पाठ चाचपत होतो.
बायको दारात येऊन बघून गेली.

गच्चीवर एप्रिलचं ऊन फुकट.
बराचसा तिथंच वाळवला, पिवळसर, गवताच्या वासाचा.
ओंजळभर कढईत, मंद आचेवर,
शेंगदाण्याची साल तडकते त्या रंगापर्यंत.
आणि थोडा फोन आला म्हणून करपला.
तो फेकणार होतो. चावून बघितला.
कडू, पण चिकोरीसारखा, मागे रेंगाळणारा.
चिमूटभर त्यातलाही ठेवला.

रिटायर होताना दिलेलं रिफ्रॅक्टोमीटर
कपाटातून काढलं, पुसलं, परत ठेवलं.
फिका दाणा जिभेवर धरला.
आधी पीठ. नुसतं पीठ.
सातपर्यंत मोजलं, आठपर्यंत,
आणि मग कुठूनशी,
कुणीही न घातलेली, गोडी.

भाभी वाटीभर घेऊन गेल्या नातवाला.
उरलेला डब्यात आहे, अजून भरडलेला नाही.

काल आयर्विन पुलावर मगदूम भेटले.
सरळ तोंडानं विचारलं,
"खडा पडला का?"
"विरघळतोय," मी म्हटलं.
ते चार पावलं पुढं गेले,
आणि मागं न बघताच म्हणाले,
"गुरुवारी या. नवा माल उतरतोय."