सहीचे दर

नवतप्याचा चौथा दिवस. रामदासपेठेत
दुपारी दोनला औषधांचे टेम्पो आणि मी.
फाइलमध्ये एमडी पॅथॉलॉजी,
उन्हाने प्लास्टिक मऊ होऊन
पदवीच्या सोनेरी शिक्क्याला चिकटलंय.

पहिल्या ठिकाणी विचारलं, फेलोशिप?
दुसऱ्या ठिकाणी, अनुभव?
सांगितलं, बंधपत्राचं वर्ष गडचिरोलीला काढलं,
मायक्रोस्कोपचा बल्ब गेला तेव्हा
खिडकीशी आरसा फिरवून स्लाइडी वाचल्या.
ते हसले. वाईट नाही, मनापासून हसले.
म्हणाले, आम्ही आता स्कॅन करून गुरुग्रामला पाठवतो,
रात्रीतून उत्तर येतं.
वर्धा रोडवरच्या त्या काचेतून बाहेर आले
तर ऊन बरं वाटलं,
मिनिटभर.

मेडिकलला कंत्राटी जागा एक, आम्ही एकतीस.
व्हरांड्यात बाक एकच.
निनाद सर आधीच बसलेले,
पेशी दुभंगताना कशी ओळखायची
हे मला ज्यांनी शिकवलं, ते.
सरकले. म्हणाले, बस अश्लेषा, सकाळपासून उभी आहेस.
कशाला आलात, हे मी विचारलं नाही.
त्यांनीही नाही.
डब्यात फोडणीचा भात होता, चमचा एक.
आळीपाळीने खाल्ला आम्ही,
आणि शिपायाने नाव पुकारलं
ते तिसऱ्याच कुणाचं.

कामठी रोडवर उमाकांत पौनीकर,
सहावी लॅब उघडतायत.
«मॅडम, यायची गरजच नाही.
सही स्कॅन करून देऊन टाका.
लॅबमागे महिन्याचे बारा हजार,
नागपुरात चार, एक काटोल, एक उमरेड,
करा हिशोब.
कायले उन्हात फिरता, बाप्पा?
बसा ना कूलरसमोर.»
स्लाइड कोण पाहील?
«पोरं आहेत ना. हुशार आहेत.»
ताक दिलं त्यांनी.
ताक चांगलं होतं, हेही सांगायला हवं.
मी दुसरा पेला घेतला.

गोळीबार चौकामागे आमचं घर,
घरात माग, मागावर आता
वाळत घातलेले टॉवेल.
पहिल्या वर्षाला असताना बाबांनी विचारलं होतं,
तू नेमकं काय शिकतेस?
ऊती, म्हटलं मी. शरीरातल्या.
वीण कुठे बिघडली ते शोधायचं.
हां, म्हणाले, मग आपलंच काम आहे,
आणि गल्लीभर सांगत फिरले
की पोरगी माणसाचं कापड तपासते.

आज त्यांना दर सांगितले. सहा गुणिले बारा.
आई आतून एवढंच म्हणाली,
पाच तारखेला पतसंस्थेचा हप्ता आहे.
बाबा उठले, फळीवरून पितळी भिंग काढलं,
धागे मोजायचं, घडीचं,
बनियनला पुसलं.

«संस्थेत एक साहेब होते आमच्या.
तागा उघडायचेच नाहीत.
वरूनच शिक्का. आम्ही खूश,
पैसे लवकर सुटायचे.»
मग?
«मग काही नाही.
एका लग्नात एक लुगडं मधोमध फाटलं.»
हसले. खोकला आला, पाणी प्यायले.
«माझंच होतं. मला माहीत होतं ना,
कुठे तुटलंय ते.»

यापुढे ते बोलले नाहीत.
कूलरच्या वाळ्याचा ओला वास,
भिंतीपलीकडे कुणाचा तरी पॉवरलूम,
टेबलावर फोन थरथरतोय: पौनीकर लॅब.

मी मागावरच्या टॉवेलवर भिंग ठेवलं.
डोळा टेकवला.
इंचात बावन्न.
पुन्हा मोजले, एक्कावन्न.
फोन थांबला. परत सुरू झाला.
आईने दारातून पाहिलं, काही म्हणाली नाही.
मी दिवा जवळ ओढला
आणि तिसऱ्यांदा
पहिल्या धाग्यापासून