टाकीत किती आहे

शनिवारी पदेराचा भोंपू वाजला
आणि मी पावाआधी नळ पाहिला.
नळ एकदा खोकला,
दोन थेंब, थोडी हवा,
मग मामलेदारासारखा गप्प.

मी पाणीखात्यात कारकून.
साखळीच्या आमच्या वाड्यावर हे सगळ्यांना ठाऊक.
गडग्यापलीकडून एस्पेरांसाबाय विचारते,
"पात्रांव, तुमचें खातें आज रजेर?"
मी हसतो. उंडे अजून कोमट आहेत,
पिशवीतून बोटांना ऊब लागते,
तेवढ्या उबेत माणूस
चहा होईस्तोवर तरी निर्दोष असतो.

शिडी चढून टाकीवर पेरं वाजवली.
वर ठण, मध्ये ठण,
अगदी तळाशी एक जाड, ओला थप्प.
चार माणसं, दोन दिवस.
म्हणजे आंघोळ तांब्यांनी मोजून,
आणि बाबांना यातलं काही सांगायचं नाही,
ते काळजीनं तहानतात.

प्रमोदिनीनं ऐकून घेतलं
आणि भिरंडांची सालं गच्चीत पसरत राहिली.
मनगटापर्यंत लाल.
मेंदीच्या दिवसानंतर
इतके रंगलेले हात मी पाहिले नव्हते.
म्हटलं, धुवायला पाणी नाही.
"मग राहू दे."

कौलं परतायला येतो म्हणालेला रोहिदास
गेल्या शनिवारपासून येतोच आहे.
फोन लावला की म्हणतो, वाटेवर आहे.
कुठली वाट ते मी विचारत नाही,
पावसापूर्वी संपणारी असू दे.

बाजारात मानकुरादचा भाव विचारत दोन फेऱ्या मारल्या,
तिसऱ्या फेरीची लाज वाटून सहाच घेतले.
दुपारभर मिताली उंबऱ्यात कोय चोखत बसली,
कोपरापर्यंत रस,
कोपरानंच फोन सरकवत.
निकाल सोमवारी की मंगळवारी, कुणालाच नक्की नाही.
मी विचारणार होतो, पुढे काय करणार.
विचारलं, गोड आहे?
"आहे," ती म्हणाली. मग जरा थांबून,
"तुम्ही असे बघत बसू नका."

रविवारी मासळी आणू नकोस, असं बजावलेलं.
खवलं धुवायला लागतात तीन पाण्यं.
पण बांगडे असे ताठ, असे निळे,
डोळे इतके स्वच्छ
की आठ घेतले आणि घरी येताना सायकल सावकाश मारली.
प्रमोदिनी काही बोलली नाही,
पिशवी उघडून नुसती पाहत राहिली.
मग गडग्यावरून हाक मारली.
एस्पेरांसाबायच्या बावीचं पाणी मेमध्येही आटत नाही.
दोन कळशा इकडे आल्या,
तीन बांगडे तिकडे गेले.
खात्याच्या कुठल्याही वहीत
या योजनेची नोंद नाही.

तिरफळं घातलेलं हुमण, उकडा भात.
बाबांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं,
आणि काटा काढता काढता सहज म्हणाले,
"टाकीत किती आहे रे?"
शिडीचा आवाज त्यांनी ऐकला होता.
"आहे," मी म्हटलं.
"हं," म्हणाले, आणि अर्धाच पेला प्याले.

मग पंख्याखाली सगळे आडवे.
झोप आणि घाम एकाच चादरीत.
डोक्यात स्कूटरचा विमा, पुरुमेंताची यादी,
सुक्या मिरच्यांचा भाव,
आणि बाहेर कोकीळ,
तिला काय, ती कुणालाच बिल पाठवत नाही.

रात्री दोन चाळीसला नळ बोलला.
आधी घसा, मग शब्द, मग धो धो.
उठलो. बादल्या, पातेली, कुकर,
मितालीचा शाळेतला पाण्याचा डबा,
जे पोकळ दिसलं ते भरलं.
शेजारी दिवा लागला,
पलीकडेही बादलीचा आवाज.
"खातें उठलें गो बाय," मी हळूच म्हटलं.
अंधारातून हसू आलं.
उरलेलं मिरचीच्या रोपांना घातलं,
मातीचा तो आवाज ऐकत
मी उगाच थोडा वेळ अनवाणी उभा राहिलो.

सोमवारी नऊ वाजून दहा मिनिटांनी,
टेबलावर चौदा तक्रारी,
सगळ्या आमच्याच वाड्यावरच्या,
पहिली शिक्का मारून बाजूला ठेवताना आठवलं:
मोटर
बंद केली होती ना मी?